पाखरांची कैवारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेनसिल्व्हेनिया नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यात ॲलेघेनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल हे लहानसे गाव वसलेले आहे. या गावी दि. २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन यांचा जन्म झाला. शेते, अरण्ये आणि जलाशय यांवर विषारी औषधांची बेसुमार फवारणी चालली असता, तिचे परिणाम पशुपक्ष्यांना आणि माणसांना कसे भोगावे लागतात, हे त्यांनी सर्वसामान्य लोकांना समजेल अशा भाषेत पुराव्यानिशी सांगितले. त्यासाठी त्यांना पुष्कळ निंदा सहन करावी लागली. परंतु त्या आपल्या सत्यापासून ढळल्या नाहीत. विज्ञानाची सेवा करणाऱ्या माणसाचे समाजाशी आणि राज्यकारभाराशी कोणते नाते असावे, याचा एक उत्तम वस्तुपाठ त्यांच्या चरित्रात पाहावयास मिळतो.

कार्सन कुटुंबाची ६५ एकर जमीन होती. पण घरची परिस्थिती बेताचीच होती. वडील विम्याचे काम करीत. त्यातून मिळणारे उत्पन्न अपुरे पडे. आई विवाहापूर्वी शिक्षिका होती. तिला वाचनाची, संगीताची आणि निसर्गनिरीक्षणाची मनापासून आवड होती. तीन भावंडांत रेचेल सर्वांत धाकटी. थोरली भावंडे शाळेत गेली की आई तिला बरोबर घेऊन रानात आणि फळबागेत फिरावयास जाई. कोणते पाखरू कसे बोलते, घरटे कोठे आणि कसे बांधते, कोणते फूल कोणत्या दिवसांत उमलते, हे ती मुलीला प्रत्यक्ष दाखवी. घरात शिरलेला किडासुद्धा मारू नये, हलकेच बाहेर नेऊन सोडावा, अशी तिची शिकवण होती. या शिकवणीने रेचेलच्या कोवळ्या मनावर खोल संस्कार केला.

लेखनाचा छंदही तिला याच वयात जडला. त्या काळी सेंट निकोलस नावाचे मुलांचे एक प्रसिद्ध मासिक निघत असे. त्यात मुलांनी लिहिलेल्या गोष्टीही छापल्या जात. १९१८ मध्ये, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, रेचेलने महायुद्धातील एका वैमानिकाची गोष्ट लिहून पाठविली आणि ती छापून आली. आपण मोठेपणी लेखिका व्हायचे, हे तिने तेव्हाच मनाशी ठरविले.

१९२५ मध्ये ती पिट्सबर्ग येथील महिला महाविद्यालयात दाखल झाली. तिच्या शिक्षणासाठी घरच्यांना कर्ज काढावे लागले. प्रारंभी तिने इंग्रजी साहित्य हा विषय घेतला होता. परंतु तेथे मेरी स्किंकर या जीवशास्त्राच्या विदुषी अध्यापिका तिला लाभल्या. त्यांच्या शिकवण्याने ती इतकी भारावून गेली की, साहित्य सोडून तिने जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला. त्या काळी मुलींनी शास्त्र शिकणे फारसे रूढ नव्हते, म्हणून या निर्णयाचे अनेकांना नवल वाटले. आता आपले लेखन कायमचे सुटले, असे तिला स्वतःलाही वाटले. पुढे मात्र तिला उमगले की, शास्त्राने आपले लेखन हिरावून घेतले नाही. उलट काय लिहावे, हे आपल्याला शास्त्रानेच दिले.

१९२९ मध्ये पदवी मिळाल्यावर ती वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही आठवडे अभ्यासासाठी गेली. समुद्रापासून दूर वाढलेल्या या मुलीने तेथे प्रथमच समुद्र पाहिला. त्याच्या भरतीओहोटीने, त्यातील असंख्य जीवांच्या जीवनक्रमाने तिला जन्मभराचे वेड लावले. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये तिने प्राणिशास्त्राची उच्च पदवी संपादन केली. यापुढेही संशोधन करावे, अशी तिची फार इच्छा होती. पण घरची ओढगस्त वाढत चालली होती. १९३५ मध्ये वडील वारले आणि आईच्या निर्वाहाचा भार तिच्यावर आला. दोन वर्षांनी थोरली बहीणही मरण पावली आणि तिच्या दोन मुलींच्या पालनपोषणाची जबाबदारी आली. कार्सनबाईंनी विवाह केला नाही. मात्र आपल्या माणसांचा संसार त्यांनी अखेरपर्यंत कर्तव्यबुद्धीने सांभाळला.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या मत्स्यखात्याला त्या वेळी नभोवाणीसाठी सागरी जीवनावर छोटी भाषणे लिहून हवी होती. ते काम कार्सनबाईंनी इतके सुरेख केले की, १९३६ मध्ये परीक्षा देऊन त्या त्याच खात्यात कायम नोकरीस लागल्या. शास्त्रीय कामावर स्त्रियांची नेमणूक त्या काळी क्वचितच होत असे. त्या खात्यात अशा कामावर नेमल्या गेलेल्या त्या केवळ दुसऱ्या स्त्री होत्या. शास्त्रज्ञांचे क्लिष्ट अहवाल वाचावयाचे, त्यांतील सार काढावयाचे आणि ते सोप्या भाषेत लोकांपुढे मांडावयाचे, असे त्यांचे काम होते. १९४९ मध्ये त्या खात्याच्या सर्व प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. कोणता पुरावा भक्कम आणि कोणता कच्चा, हे ओळखण्याची दृष्टी त्यांना या नोकरीतच प्राप्त झाली.

दिवसभर कचेरीतील काम करून कार्सनबाई रात्री स्वतःचे लेखन करीत. १९४१ मध्ये त्यांचे समुद्रावरील पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. परंतु महिन्याभरातच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली आणि पुस्तकाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांनी धीर सोडला नाही. दहा वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांचे ‘द सी अराउंड अस’ हे दुसरे पुस्तक निघाले. आपल्या सभोवारच्या सागराची जन्मकथा, त्याचे प्रवाह, त्याच्या लाटा आणि त्याच्या तळाशी असलेले जग यांचे त्यात वर्णन आहे. हे पुस्तक सर्वाधिक खपणाऱ्या पुस्तकांच्या यादीत ८६ आठवडे टिकून राहिले. १९५२ मध्ये त्याला अमेरिकेतील मानाचे राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले. आता केवळ लेखनावर निर्वाह करणे शक्य झाल्यामुळे त्याच वर्षी कार्सनबाईंनी नोकरी सोडली. मेन राज्यातील समुद्रकाठी त्यांनी एक लहानसे घर बांधले आणि तेथे त्या उन्हाळ्यात राहू लागल्या.

आता उरलेले आयुष्य समुद्राच्या सहवासात सुखाने घालविणे त्यांना सहज शक्य होते. स्वभावाने त्या लाजाळू व एकान्तप्रिय होत्या; सभा, भाषणे आणि वादविवाद त्यांना मुळीच आवडत नसत. पण डोळ्यांदेखत अन्याय घडत असता स्वस्थ बसणेही त्यांच्या स्वभावात नव्हते. १९५३ मध्ये नव्या सरकारने वन्य जीव व मत्स्य खात्याचे अनुभवी संचालक अल्बर्ट डे यांना पदावरून दूर केले. तेव्हा कार्सनबाईंनी वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून या गोष्टीचा निषेध केला. देशाची माती, पाणी, अरण्ये आणि वन्य प्राणी ही साऱ्या जनतेची संपत्ती होय. तिची राखण जाणत्या आणि अनुभवी माणसांच्याच हाती असली पाहिजे. पक्षीय राजकारणासाठी तिचा बळी देता कामा नये, असा त्या पत्राचा आशय होता. राज्यकारभारातील एखाद्या गोष्टीविरुद्ध त्यांनी असा उघड आवाज उठविला, तो पुढील मोठ्या संग्रामाची जणू नांदीच ठरला.

या संग्रामाचे कारण समजण्यासाठी डी. डी. टी. या औषधाची हकीकत जाणून घेतली पाहिजे. हे रसायन प्रयोगशाळेत १८७४ मध्येच तयार झाले होते. पण त्याने कीटक मरतात, हा शोध स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये लावला. त्यासाठी १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. महायुद्धाच्या काळात या औषधाने उवांपासून फैलावणारा टायफस ज्वर आटोक्यात आणला. हिवताप पसरविणाऱ्या डासांचा संहार करून असंख्य लोकांचे प्राण वाचविले. साहजिकच लोकांना ते अमृतासमान वाटू लागले. युद्ध संपल्यावर ते शेतांत, बागांत, रस्त्यांवर आणि घरांत मुक्तहस्ते वापरले जाऊ लागले. त्याच्याहूनही जहाल अशी नवी रसायने बाजारात आली. विमानांतून लाखो एकर भूमीवर विषाचा पाऊस पाडण्यात येऊ लागला. या विषाचे पुढे काय होते, हे पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली. कार्सनबाईंना मात्र १९४५ मध्येच शंका आली होती. या विषयावर लेख लिहिण्याची तयारी त्यांनी एका मोठ्या मासिकाला कळविली. परंतु मासिकाने ती सूचना नाकारली.

१९५७ मध्ये लाँग आयलंड या भागात झाडांवरील एका पतंगाच्या अळ्या मारण्यासाठी सरकारने विमानांतून डी. डी. टी. ची फवारणी केली. घरे, बागा, तळी, गुरांची कुरणे, कशाचाही अपवाद केला गेला नाही. रॉबर्ट कुशमन मर्फी या नामवंत पक्षिशास्त्रज्ञासह तेथील काही रहिवासी न्यायालयात गेले. पण त्यांना फवारणी थांबविता आली नाही. पुढील वर्षाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका मैत्रिणीचे पत्र कार्सनबाईंच्या हाती आले. तिच्या घराभोवती पाखरांसाठी राखलेली जागा होती. डास मारण्यासाठी तिच्यावरून विमानाने फवारणी केली आणि त्यानंतर अंगणात पाखरे तडफडून मेलेली आढळली. याला कोणीतरी आळा घालावा, अशी तिची कळकळीची विनंती होती. दुसऱ्या कोणी हे काम हाती घ्यावे म्हणून कार्सनबाईंनी प्रयत्न केला. पण कोणी पुढे येईना. तेव्हा हे कार्य आपणच केले पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

चार वर्षे त्यांनी अखंड परिश्रम केले. अमेरिकेतील व युरोपातील शास्त्रज्ञांशी आणि वैद्यांशी पत्रव्यवहार करून त्यांनी शेकडो निबंध व अहवाल मिळविले. सरकारी खात्यांतील काही शास्त्रज्ञांनी नोकरीवर गदा येण्याची भीती असूनही त्यांना गुपचूप माहिती पुरविली. पुस्तकाचे प्रकरण लिहून झाले की कार्सनबाई ते त्या विषयातील तज्ज्ञाकडे तपासण्यासाठी पाठवीत. एकही चूक राहिली, तरी विरोधक तिचे भांडवल करतील, हे त्या जाणून होत्या.

त्यांनी गोळा केलेल्या पुराव्यातील एक उदाहरण कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराचे आहे. या सरोवरात लोक मासे पकडण्यासाठी व विश्रांतीसाठी येत. पण तेथील चिलटांचा त्यांना उपद्रव होई. ही चिलटे चावतदेखील नसत. तरीही १९४९ मध्ये त्यांच्या नाशासाठी डी. डी. टी. च्या जातीचेच, परंतु माशांना कमी अपायकारक समजले जाणारे एक औषध सरोवरात टाकण्यात आले. त्याचे प्रमाण ७ कोटी भाग पाण्यात केवळ एक भाग इतके अल्प होते. चिलटे पुन्हा वाढली, म्हणून १९५४ मध्ये ५ कोटी भागांत एक भाग या प्रमाणात तेच औषध पुन्हा टाकले. त्यानंतर सरोवरावरील ग्रीब पक्षी मरू लागले. आपल्याकडील टिबुकलीच्या कुळातील हे पक्षी मासे खाऊन राहतात. एवढ्याशा औषधाने ते मरावेत कसे, हा सर्वांना प्रश्न पडला.

शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा त्याचा उलगडा झाला. हे विष पाण्यात विरघळून नाहीसे होत नाही. ते प्राण्यांच्या चरबीत साठून राहते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात त्याचे प्रमाण १० लाख भागांत ५ भाग आढळले. ते जीव लहान मासे खातात. लहान माशांना मोठे मासे खातात. आणि मासे पक्ष्यांच्या पोटात जातात. प्रत्येक पायरीला विषाचा साठा वाढत गेला आणि पक्ष्यांच्या चरबीत तो १० लाख भागांत १,६०० भागांपर्यंत पोहोचला. पाण्यातील प्रमाणाच्या तो सुमारे ८० हजार पट होता. सरोवरावर पूर्वी ग्रीब पक्ष्यांची एक हजारांहून अधिक जोडपी घरटी करीत. १९६० मध्ये ती सुमारे ३० उरली.

दुसरे उदाहरण मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारातील आहे. तेथे एल्म नावाचे डेरेदार वृक्ष होते. त्या वृक्षांना बुरशीचा एक रोग होतो आणि भुंगेरे तो पसरवितात. म्हणून १९५४ मध्ये झाडांवर डी. डी. टी. फवारण्यास प्रारंभ झाला. शरद ऋतूत झाडांची पाने गळाली. ती गांडुळांनी खाल्ली. वसंतात आपल्याकडील कस्तूर पक्ष्याच्या कुळातील रॉबिन पक्षी परत आले. त्यांनी गांडुळे खाल्ली आणि ते मरून पडू लागले. प्राध्यापक जॉर्ज वॉलेस यांनी हा प्रकार बारकाईने अभ्यासला. अशी अकरा मोठी गांडुळे रॉबिनचा प्राण घेण्यास पुरेशी होती, असे अन्य एका संशोधनात दिसून आले. आणि तेवढी गांडुळे तर हा पक्षी दहाबारा मिनिटांत फस्त करतो. झाडावरील भुंगेऱ्यावर सोडलेला बाण असा पाखराच्या वर्मी लागला.

सजीवांचे एकमेकांशी आणि त्यांच्या भोवतालच्या सृष्टीशी असलेले संबंध ज्या शास्त्रात अभ्यासले जातात, त्याला परिस्थितिविज्ञान म्हणतात. माती, पाणी, वनस्पती, कीटक, पक्षी आणि माणूस हे सर्व एकाच वस्त्राचे धागे आहेत. एक धागा ओढला की साऱ्या वस्त्राला सुरकुती पडते, हे ते शास्त्र सांगते. कार्सनबाईंनी हे तत्त्व विद्यापीठाच्या भिंतींबाहेर आणून घरोघरी पोहोचविले.

हे लेखन चालू असता त्यांच्यावर संकटांमागून संकटे आली. १९५७ मध्ये त्यांनी वाढविलेल्या भाच्यांपैकी एक मरण पावली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला पन्नाशीच्या कार्सनबाईंनी दत्तक घेतले. १९५८ च्या अखेरीस त्यांची आई निवर्तली. १९६० मध्ये त्यांना स्वतःला कर्करोग झाल्याचे आढळून आले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनी शरीर थकून गेले. कधी डोळ्यांना दिसेना, कधी पाऊल टाकवेना. तरीही लेखणी थांबली नाही. आपल्या आजाराची वार्ता मात्र त्यांनी जगापासून लपवून ठेवली. या विषांचा कर्करोगाशी संबंध असू शकतो, असे त्यांच्या पुस्तकात लिहिलेले होते. आपण रोगी आहोत हे कळले, तर लोक पुरावा पाहणार नाहीत. ही बाई स्वतःच्या दुःखामुळे असे लिहिते, असे म्हणतील, ही भीती त्यांना वाटत होती.

जून १९६२ मध्ये या पुस्तकाचे काही भाग न्यू यॉर्कर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी संपूर्ण पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजेच मूक वसंत. अमेरिकेच्या पुष्कळशा भागात हिवाळ्यात बर्फ पडते. तेव्हा अनेक पाखरे दक्षिणेकडे निघून जातात. वसंत येताच ती परततात आणि सारे रान त्यांच्या गाण्याने भरून जाते. वसंत यावा, पण गाणारे पाखरू मात्र एकही नसावे, अशा एका काल्पनिक गावाच्या वर्णनाने पुस्तकाचा आरंभ होतो. ती कल्पना होती. परंतु पुढील प्रत्येक विधान आधारावर उभे होते. आधारग्रंथांची आणि निबंधांची यादीच पन्नासहून अधिक पानांची होती.

पुस्तक बाहेर पडताच मोठे वादळ उठले. रसायने तयार करणाऱ्या कारखानदारांनी त्याविरुद्ध प्रचारासाठी पुष्कळ पैसा खर्च केला. न्यायालयात खेचण्याचा धाक घातला. कोणी म्हणाले, ही बाई भावनाविवश आहे. कोणी म्हणाले, हिला मोठ्या विद्यापीठाची पंडितपदवी नाही. कोणी तर देशाच्या शत्रूंशी तिचा संबंध जोडण्यापर्यंत मजल मारली. तिचे ऐकले तर जगात दुष्काळ आणि रोगराई माजेल, असेही भय घालण्यात आले. वस्तुतः सर्व औषधे बंद करा, असे कार्सनबाईंनी कोठेही म्हटलेले नाही. रोग पसरविणाऱ्या कीटकांचा बंदोबस्त केला पाहिजे, हे त्यांना मान्यच होते. औषध गरजेपुरते, नेमक्या जागी आणि परिणाम जाणून वापरावे. शक्य तेथे कीटकांच्या नैसर्गिक शत्रूंची मदत घ्यावी, असे त्यांचे सांगणे होते. अतिवापराने कीटक त्या औषधाला दाद देईनासे होतात, असाही इशारा त्यांनी दिला होता. भारतात १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत डी. डी. टी. मुळे हिवताप झपाट्याने हटला; परंतु पुढे तो पुन्हा फैलावला. डासांच्या अंगी आलेली प्रतिकारशक्ती हे त्याच्या कारणांपैकी एक होते.

ऑगस्ट १९६२ मध्ये वार्ताहरांनी या विषयासंबंधी अध्यक्ष केनेडी यांना प्रश्न विचारला. सरकार याची चौकशी करीत असून कार्सनबाईंच्या लेखनाने त्या चौकशीस विशेष चालना मिळाली आहे, असे त्यांनी उत्तर दिले. त्यांच्या शास्त्रीय सल्लागारांच्या समितीने सर्व पुरावा तपासला. एप्रिल १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर कार्सनबाई आणि त्यांचे विरोधक यांची बाजू लोकांनी पाहिली. विरोधक आवेशाने बोलत होते. कार्सनबाई शांतपणे आणि मोजक्या शब्दांत बोलत होत्या. या औषधांचे दूरगामी परिणाम आपणास पुरते ठाऊक नाहीत, अशी कबुली सरकारी अधिकाऱ्यांनाही द्यावी लागली. पुढील महिन्यात, १५ मे १९६३ रोजी, अध्यक्षांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात कार्सनबाईंचे म्हणणे बव्हंशी मान्य करण्यात आले होते.

४ जून १९६३ रोजी त्या अमेरिकेच्या सेनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देण्यास उपस्थित झाल्या. रोग आता हाडांपर्यंत पसरला होता आणि वेदना असह्य होत होत्या. पण समोर बसलेल्या सभासदांना याची कल्पना नव्हती. त्यांनी कोणावर आगपाखड केली नाही. विष हवेतून आणि पाण्यातून किती दूरवर जाते, हे त्यांनी पुरावे देऊन दाखविले. विमानातून होणाऱ्या फवारणीवर कडक नियंत्रण असावे, दीर्घकाळ टिकणारी विषे हळूहळू वापरातून काढून टाकावीत, असे त्यांनी सुचविले. दुसऱ्याने फवारलेल्या विषापासून आपल्या घरात सुरक्षित राहण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, ही गोष्टही त्यांनी ठामपणे मांडली. निर्णय घेणे हे लोकांचे आणि त्यांच्या प्रतिनिधींचे काम. मात्र तो घेण्यापूर्वी खरी माहिती त्यांच्यापुढे ठेवणे हे शास्त्रज्ञाचे काम, अशी त्यांची भूमिका होती.

दि. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, रेचेल कार्सन यांनी देह ठेवला. आपल्या श्रमांचे फळ पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. परंतु त्यांनी पेरलेले बी वाया गेले नाही. १९६७ मध्ये काही शास्त्रज्ञ आणि वकील यांनी एकत्र येऊन एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड ही संस्था स्थापन केली आणि डी. डी. टी. चा प्रश्न न्यायासनापुढे नेला. १९७० मध्ये अमेरिकन सरकारने पर्यावरणाच्या रक्षणासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. १९७२ मध्ये त्या देशात डी. डी. टी. च्या बहुतेक सर्व वापरांवर बंदी आली. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कार्सनबाईंना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान अर्पण केला. पुढे २००१ मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक करारान्वये रोगवाहक कीटकांचा बंदोबस्त करण्यापुरताच डी. डी. टी. चा उपयोग मर्यादित करण्यात आला. जीव वाचविण्यासाठी जरूर तेवढे वापरावे, उधळून टाकू नये, हे कार्सनबाईंचे सांगणे जगाने अशा रीतीने मान्य केले.

पांढऱ्या मस्तकाचा गरुड हे अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह आहे. डी. डी. टी. मुळे या गरुडाच्या अंड्यांची कवचे पातळ होत आणि उबविताना ती फुटून जात. १९६३ मध्ये अलास्का वगळता साऱ्या देशात घरटी करणारी त्याची केवळ ४१७ जोडपी आढळली होती. बंदीनंतर आणि कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर त्यांची संख्या वाढत गेली. २००७ मध्ये ती नऊ हजारांहून अधिक झाली आणि संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून गरुडाचे नाव काढण्यात आले.

कार्सनबाईंच्या हाती सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, शरीराचे बळही उरले नव्हते. कसोशीने मिळविलेले ज्ञान, ते सोप्या भाषेत सांगण्याची हातोटी आणि सत्य सांगताना न डगमगणारे मन एवढीच त्यांची सामग्री होती. पुरावा जेवढे सांगतो, तेवढेच त्या बोलल्या. पण तेवढे बोलण्याची वेळ आली, तेव्हा त्या गप्प राहिल्या नाहीत. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील एका वन्य जीव अभयारण्याला आज त्यांचे नाव दिलेले आहे. तेथील खाजणांत दर वसंतात पाखरांचे थवे उतरतात आणि सारा आसमंत त्यांच्या किलबिलाटाने दुमदुमून जातो.